उजव्या बाहीचा घेर

आतिथ्य हे व्रत आहे आणि सत्य हेही व्रत आहे. दोन्ही पाळू पाहणारा मनुष्य सज्जनच म्हटला पाहिजे. परंतु पाहुण्यापुढे आपले दुःख मांडणे म्हणजे त्याच्या घासात खडा टाकणे, असे जेथे मानतात, तेथे ही दोन व्रते कधी ना कधी एकाच उंबरठ्यावर समोरासमोर येतात आणि त्यांपैकी एकाला वाट सोडावी लागते. बहुधा सत्यच बाजूला होते. पाहुणा तृप्त होऊन, घराला आशीर्वाद देऊन निघून जातो. यात दोष कोणाचा हे सांगणे कठीण आहे. यजमानीण मान राखते, पाहुणी जे ऐकते ते लिहिते, आणि दोघींपैकी एकीच्याही मनात कपट नसते. तरीही त्या लिहिण्याची झळ पुढे कोणाला तरी लागतेच.

मर्गिलान या रेशमाच्या गावातल्या मावजुदाला हे सदुसष्टाव्या वर्षी कळले.

मावजुदा तेथील रुग्णालयाच्या शस्त्रक्रिया विभागातली निवृत्त परिचारिका. बावीस वर्षे तिने एकच काम निष्ठेने केले होते. स्तनाचा कर्करोग काढून घरी गेलेल्या स्त्रियांकडे दर वर्षी जायचे, त्यांची विचारपूस करायची आणि ती वहीत उतरवायची. ही रीत घालून दिली होती नेमत दोम्लांनी. ते विभागाचे प्रमुख, सर्वांचे गुरू, म्हणून सारे गाव त्यांना दोम्ला म्हणे. ते सांगत, "मावजुदा, पांढरा कोट पाहिला की बायका घाबरून काहीबाही बोलतात. तू त्यांच्या घरी जा. बस, चहा घे, भाकरी मोड आणि मग विचार. घरात माणूस खरं बोलतं." दोम्ला जाऊन सात वर्षे झाली होती. त्यांचे हे शब्द मावजुदाने पवित्र वचनासारखे जपले होते, आणि आपल्या सहा वह्याही रेशमी अत्लसच्या तुकड्यांत गुंडाळून संदुकीत ठेवल्या होत्या.

त्या वह्या आता दिलमुरादच्या मेजावर उघड्या पडल्या होत्या. दिलमुराद हा दोम्लांचा शेवटचा शिष्य आणि विभागाचा नवा प्रमुख. दोम्लांच्या काळातल्या स्तनाच्या शस्त्रक्रिया आणि गेल्या तीन वर्षांत त्याने स्वतः सुरू केलेल्या, वजन उतरवण्यासाठी जठर लहान करण्याच्या शस्त्रक्रिया, या दोन्हींचे फळ काय आणि मागे राहिलेले त्रास कोणते, याचा अहवाल त्याला राजधानीत, ताश्कंदला पाठवायचा होता.

"ओपा, रागावू नका," थोरल्या बहिणीला हाक मारावी तसे तो म्हणाला, "पण हे पान मी चार वेळा वाचलं. त्रेचाळीस बायका. सगळ्यांच्या काखेतल्या गाठी काढलेल्या. आणि पुढे हात सुजला अशी नोंद एकीचीही नाही?"

"नाही म्हणजे नाही."

"कुठल्याही देशातले कागद काढा. पाच-सहा जणींत एकीचा तरी हात सुजतोच."

"त्या देशांत नेमत दोम्ला होते का?"

दिलमुराद हसला. "नव्हते. पण काखेतल्या गाठी काढल्या की हातातल्या पाण्याची परतायची वाटच बुजते, ओपा. चाकू कोणाच्या हातात होता हे ते पाणी विचारत नाही."

मावजुदाने वह्यांवर हात ठेवला. तिला तो आकड्यांबद्दल बोलतोय असे वाटलेच नाही. तो दोम्लांच्या हातांबद्दल आणि तिच्या आयुष्याबद्दल बोलतोय, असे तिला वाटले.

"जुन्या इमारतीतल्या दोन खोल्या रिकाम्या आहेत," तो समजुतीने सांगू लागला. "एकीत सुजलेल्या हातांवर उपचार करायचे, पट्ट्या बांधायच्या, मालीश शिकवायचं. दुसरीत पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर खायचं कसं ते शिकवायचं. मी मागणी केली, तर वरून विचारतील, त्रास कोणालाच नाही तर खोल्या कशाला? आणि बघा, ही ओयदिन. हिच्या दोन्ही शस्त्रक्रिया झाल्यात. छाती दोम्लांनी केली, एकोणीस वर्षांपूर्वी. पोट मी केलं, गेल्या वर्षी. तुमच्या वहीत 'त्रास नाही'. माझ्या कागदावरही 'त्रास नाही'. मी स्वतः दोनदा घरी जाऊन विचारलंय."

"मग अडलं कुठे?"

"अडलं असं की तिचा जिना चढायचा वेग कमी झालाय. रुग्णालयात आली होती, मी खिडकीतून पाहिलं."

मावजुदा उठली. वह्यांपैकी तिसरी, ओयदिनची पाने असलेली, तिने छातीशी धरली. "चल तिच्याच घरी. तुझ्या डोळ्यांनी बघ. माझी वही खोटी निघाली तर तिच्याच तंदूरात टाकीन. मग अहवालात काय हवं ते लिही."

*

शरद ऋतू होता. वाटेवर तुतीच्या झाडांची पाने पिवळी पडून पाटाच्या पाण्यावरून वाहत होती. मोटारीच्या काचेतून मावजुदा ती गल्ली पाहत होती आणि तिच्या मनात मात्र सायकल चालत होती. या वळणावर साखळी निसटायची. त्या फाटकापाशी एक म्हातारे गृहस्थ खाट टाकून बसलेले असायचे आणि दर वेळी विचारायचे, "पोरी, आज कोणाकडे भूक भागवायला निघालीस?" त्यापुढे मागांचा आवाज सुरू व्हायचा. खट, खट, खट. गल्लीतल्या अकरा घरांत अत्लस विणला जायचा, आणि त्यात ओयदिनच्या मागाचा ठेका मावजुदा डोळे मिटूनही ओळखत असे. दोन ठोके जलद, एक सावकाश, जणू विणणारी मधेच थांबून आपल्याच रंगांकडे पाहत आहे.

आता गल्ली शांत होती. हा आवाज नेमका कधी थांबला, हे आठवण्याचा मावजुदाने प्रयत्न केला आणि तिला ते आठवले नाही.

"या, या, घरात प्रकाश आला!" फाटकातच ओयदिनची सून गौहर छातीवर हात ठेवून वाकली. "ओपा, तुमची सायकल म्हातारी झाली वाटतं? मोटारीतून उतरलात!"

"सायकल तरुण आहे गं, बसणारी म्हातारी झाली."

ओयदिन द्राक्षांच्या मांडवाखालून सावकाश चालत आली. वय एकाहत्तर, म्हणजे मावजुदाहून चार वर्षांनी मोठी. पूर्वी हिला मिठी मारायची तर दोघींचे हात पुरत नसत. आता ती निम्मी झाली होती. अंगावर तिनेच विणलेल्या जुन्या अत्लसचा पोशाख होता, हिरव्यात जांभळ्या ज्वाळा उठत असलेला, रुंद बाह्यांचा. ती मायेने हसली, पण भिंतीला एक हात टेकूनच उभी राहिली.

"बघ, मावजुदा, तुझ्या या पोरानं माझी अर्धी ओयदिन कुठे नेऊन ठेवली कोण जाणे! चोराला चहा पाजायची वेळ आलीय."

"ती अर्धी आम्ही जपून ठेवलीय, आजी," दिलमुराद म्हणाला. "हवी तर परत देऊ."

"नको रे बाबा, गुडघे रडतील."

जेवणाची चादर, दस्तरखान, आधीच अंथरलेले होते. भाकरी, मनुका, चिरलेली बेहीची फळे, आणि मध्यभागी वाफाळता पुलाव. गौहरने चहा ओतला. मावजुदाने वही मांडीवर उघडली आणि बावीस वर्षांच्या सवयीने, भाकरीचा तुकडा मोडता मोडता विचारले, "ओपा, काही त्रास?"

"शुक्र आहे. त्रास कसला?"

"हात?"

"हात हातासारखा."

"जेवण?"

उत्तरादाखल ओयदिनने पुलावाच्या ताटात हात घातला. यजमानाने आरंभ केल्यावाचून पाहुणा घास घेत नाही. तिने पहिला घास घेतला, दुसरा घेतला, मांसाचा मोठा तुकडा दिलमुरादच्या बाजूला सारला आणि तिसरा घासही घेतला. तेही सारा वेळ खालमानेने, डाव्या हातानेच. मावजुदाची दृष्टी त्या हातावर क्षणभर अडखळली. दिलमुरादने कागदावर काहीतरी लिहिले.

"बघितलंस?" मावजुदा त्याला हळूच म्हणाली. तिच्या स्वरात विजय होता, पण तो तिलाच थोडा पोकळ लागला.

"तंदूर बघून येते," म्हणत ओयदिन उठली.

"आई, तंदूर मी बघते ना," गौहर घाईने म्हणाली.

"तू पाहुण्यांकडे बघ." ओयदिन गेली. गौहरने मान खाली घातली आणि ती चहाची किटली उगाच पुसू लागली.

मावजुदा बावीस वर्षे रुग्णांच्या पायांचे आवाज ऐकत आलेली होती. ओयदिनची पावले तंदूराकडे वळली नाहीत. ती मांडवाच्या मागे, तुटलेल्या तुतीच्या बुंध्याकडे गेली. मावजुदा उठली आणि मागोमाग निघाली.

ओयदिन बुंध्याला धरून वाकली होती. नुकतेच घेतलेले तीन घास मातीवर पडले होते. तिने चाहूल ऐकली, तोंड डोईच्या रुमालाने पुसले आणि वळण्याआधीच हसायला सुरुवात केली. पण ते हसू डोळ्यांपर्यंत पोहोचले नाही.

"कधीपासून?" मावजुदाने विचारले.

"आजच काहीतरी..."

"ओपा."

भिंतीशी हात धुण्याची तांब्याची झारी आणि पसरट भांडे ठेवलेले होते. मावजुदाने झारी उचलली.

"हात पुढे करा."

"वेडी झालीस? पाहुण्यानं यजमानिणीच्या हातावर पाणी घालायचं? सुनेनं पाहिलं तर गल्लीभर होईल."

"मी तुमच्याहून चार वर्षांनी लहान. धाकटीनं थोरलीच्या हातावर पाणी घालायचं, हीच आपली रीत ना? मग आज मी पाहुणी नाही. करा हात पुढे."

ओयदिनने डावा हात पुढे केला.

"दोन्ही."

दुसरा हात बाहीत तसाच राहिला. मावजुदाने झारी खाली ठेवली, त्या हाताचे बोट हलकेच धरले आणि बाही वर सरकवू लागली. तेव्हा तिला ती शिवण दिसली. बाहीच्या आतल्या बाजूला, काखेपासून मनगटापर्यंत, एक लांबट जोडपट्टी घातलेली होती. हिरव्याला हिरवे, ज्वाळेला ज्वाळा, नक्षी अशी तंतोतंत जुळवली होती की हाताच्या अंतरावरूनही कोणाला संशय येऊ नये. डाव्या बाहीला तशी पट्टी नव्हती. आणि उजव्या बाहीत होता तो हात: जड, घट्ट, कोपरापाशी वळी पडलेला, कातडी जाड झालेली. मावजुदाने अंगठा दाबला आणि त्याचा खळगा तसाच राहिला.

तिने ती शिवण बोटाने चाचपली.

"ही पट्टी कधीपासूनची?" मावजुदाने विचारले.

"तुझ्या तिसऱ्या भेटीपासूनची. दर दोन-तीन वर्षांनी उसवून रुंद करते. तू एकदा म्हणालीस, ओपा, रुंद बाह्यांची चाल आली वाटतं. मी म्हटलं, हो, आली. मग डावीही सैल शिवायला लागले, शोभावी म्हणून."

"आणि मला सांगितलं नाहीत!"

"कसं सांगणार गं? तू उन्हातून सायकल हाणत यायचीस, केसांत धूळ, दस्तरखानापाशी बसायचीस आणि तोंडात घास असताना विचारायचीस, ओपा, काही त्रास? तुझ्या तोंडातल्या घासावर मी माझं गाऱ्हाणं वाढू? आईनं असं शिकवलं नव्हतं मला. आणि दोम्लांनी मला जीवदान दिलं होतं. जीवदान देणाऱ्याला म्हणायचं, हात मात्र बिघडवलात?"

"माग म्हणून बंद झाला?"

"हात उचलेना. पुतण्याला देऊन टाकला. मग काय, बसून राहिले. दिवसभर खिडकीत बसायचं, भाकरी खायची, रस्ता बघायचा. वाढले, वाढले, मग तुझा पोरगा म्हणाला, पोट लहान करू. चांगला आहे गं पोरगा. घरी येतो, आपुलकीनं विचारतो, जेवण जातं का? समोर पुलाव! मी घास घेईना तर तोही घेईना. मग मी घेतला. त्यानं लिहिलं, आहार उत्तम." ती मनापासून हसली आणि हसता हसता डोळे पुसले. "तो गेल्यावर या बुंध्यानं ऐकलं सगळं."

मावजुदाने पुन्हा झारी उचलली आणि त्या जड हातावर पाणी घालू लागली. पहिल्या 'नाही'च्या पोटी दुसरा आजार जन्मला होता, आणि ते 'नाही' तिच्या हस्ताक्षरात होते. ज्या मागाचा ठेका तिने मनात एवढा जपला, तो तिच्याच डोळ्यांसमोर थांबला होता, आणि तेव्हा ती भाकरी मोडत होती.

मांडवाच्या खांबापाशी दिलमुराद उभा होता. तो कधी आला ते कोणालाच कळले नव्हते. त्याने हातातला कागद घडी करून खिशात घातला आणि तो मातीवरच बसला.

"आजी, पायांना मुंग्या येतात?"

"तू जा आधी, पुलाव निवतोय."

"तुम्ही सगळं सांगेपर्यंत मी या घरचा पाहुणा नाही. पाण्याचा घोटही घेणार नाही. येतात मुंग्या?"

ओयदिनने मावजुदाकडे पाहिले. मावजुदाने मान डोलावली.

"दोन महिने झाले. सकाळी जमीन कळत नाही पायांना."

त्याने तिच्या पायांना, बोटांना, घोट्यांना स्पर्श करून पाहिले. चेहरा गंभीर झाला, पण आवाज मऊच राहिला. "सतत उलटी झाल्यानं अंगातलं सत्त्व गेलंय. आजच माझ्याबरोबर चला. इंजेक्शनं लगेच सुरू करू आणि पोटाची वाट कुठे अरुंद झालीय का ते दुर्बिणीनं बघू. वेळेत कळलंय. पाय सुधारतील असं मला वाटतं. हाताचं मात्र पूर्वीसारखं होईल असं सांगत नाही. हलका होईल, एवढं नक्की."

"खरं बोलतोस, हे बरं वाटलं," ओयदिन म्हणाली.

मावजुदा अंगणात गेली. दस्तरखानाशेजारी तिची वही पडली होती. ती उचलून ती तंदूराकडे चालू लागली. तंदूराच्या तोंडातून ऊब बाहेर येत होती. तिच्या चालण्यात आवेश नव्हता. दिलेला शब्द पाळणाऱ्या माणसाची ती चाल होती.

"ए मावजुदा!" मागून ओयदिनचा आवाज आला, अगदी जुन्या दिवसांतला, मागाच्या खटखटीवर चढणारा. "माझी एकोणीस वर्षं त्यात आहेत. जाळायच्या आधी मला विचारलंस का? वाच बघू, काय लिहून ठेवलंयस माझ्याबद्दल."

मावजुदाने पान काढले. 'त्रास' या रकान्यात वर्षामागून वर्ष एकच शब्द होता. त्यापुढे शेवटचा, अरुंद रकाना होता 'इतर' नावाचा. दोम्लांनी तो मोकळा ठेवायला सांगितला होता, आणि तिने त्यात वाटेल ते भरले होते. ती वाचू लागली.

"पहिलं वर्ष. जर्दाळू फुललेत. ओपांनी स्वतः चहा ओतला, नवा अत्लस दाखवला. दुसरं वर्ष. डाव्या हातानं पियाला दिला. माझं काही चुकलं का?" तिकडे डाव्या हाताने चहाचा पियाला देणे म्हणजे अपमान; त्या दिवशी ती घरी जाऊन रडली होती. "तिसरं वर्ष. चहा लेकीनं ओतला. रुंद बाही, सुंदर दिसते. पाचवं वर्ष. माग दिसला नाही. बहुधा दुरुस्तीला."

"बहुधा दुरुस्तीला!" ओयदिन पुटपुटली. "सगळं पाहिलंस की गं तू."

"पाहिलं. कळलं नाही."

दिलमुराद पुढे झाला. "ओपा, मी फक्त 'त्रास' हा रकाना वाचत होतो. 'इतर' कधी वाचलाच नाही. बाकीच्या बेचाळीस जणींचंही असं लिहिलंय?"

मावजुदाने पाने उलटली. एका घरी चहा अचानक सुनेच्या हाती गेला होता. एकीने भाकरी थापण्याचे काम शेजारणीला दिले होते. एकीने लग्नात नाचायचे सोडले होते, आणि शेजारी मावजुदाने लिहिले होते, 'वय झाले.' ती बाई तेव्हा चव्वेचाळीस वर्षांची होती.

"काहींच्या सुना नुसत्याच गुणी असतील," ती सावकाश म्हणाली. "यावरून काही ठरत नाही. सगळ्यांकडे पुन्हा जावं लागेल. पण या वेळी चहाआधी विचारायचं, झारीपाशी. बाही वर करून." मग थोडे थांबून म्हणाली, "दोम्लांनी चूक सांगितली होती का रे?"

"घरी जा, हे त्यांनी बरोबर सांगितलं. पाहुणी होऊ नको, हे सांगायचं राहिलं. ते पुरुष होते, ओपा. त्यांना कोणी स्वयंपाकघरात कधी घेतलं?"

मावजुदाने लेखणी मागितली. 'त्रास' या रकान्यातला तो शब्द तिने खोडला नाही. त्याच्यापुढे, आजची तारीख घालून, तिने लिहिले: उजवा हात, दुसऱ्या वर्षापासून. विचारणारीला दिसला नाही. आणि खाली आपली सही केली.

गौहर सासूची शाल आणि औषधांचा डबा घेऊन आली. तिचे डोळे लाल होते. "मी सांगणार होते," ती म्हणाली. "आईंनी शपथ घातली होती."

"आता शपथ सुटली," ओयदिन म्हणाली. "पुलाव डब्यात भर. तिथल्या परिचारिकांना खाऊ दे. माझ्यासाठी नुसतं रस्सापाणी, चमच्यानं, हा पोरगा सांगेल तेवढंच." ती मोटारीकडे वळली, मग थांबली. घरातून निघताना दुवा मागितल्यावाचून कोणी बाहेर पडत नाही.

तिने दोन्ही तळवे वर केले. उजवा अर्ध्यावरच थांबला. मावजुदा जवळ सरकली आणि तिने आपला हात त्या कोपराखाली आधाराला दिला. अंगणात चौघेजण उभे राहिले. पाटाचे पाणी पिवळी पाने घेऊन वाहत होते.

"दोम्लांच्या कबरीवर प्रकाश असो," ओयदिन म्हणाली, "त्यांनी दिलेला जीव अजून चालतोय. या पोराचा हात स्थिर राहो आणि कान उघडे राहोत. माझ्या या बहिणीच्या डोळ्यांना दिसतं, तसंच तिला कळतही जावो. आणि ज्या बेचाळीस घरांत ती जाणार आहे, तिथल्या बाह्या सहज वर सरकोत, तिथली दुःखं हलकी होवोत. आमीन."

चौघांनी तळवे चेहऱ्यावरून फिरवले.